खिडकीखालचा डावा कोपरा

रविवारी सकाळी पावणेदहाच्या सुमाराला सिरिल स्टॅदर्सचा उजवा अंगठा नखापर्यंत भिंतीत गेला. जोर लावला म्हणावं तर तसंही नाही. पुढच्या खिडकीच्या पडद्यांचं माप घेऊन ठेव, असं डोरीननं सांगितलं होतं. टेपचं टोक धरायला त्यानं डाव्या कोपऱ्यातली गादी सरकवली, खिडकीखाली अंगठा टेकवला, आणि चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी भिंत आत गेली. वरचा कागद फाटला नाही. त्याच्यावरची करडी वेलबुट्टी जागच्या जागी राहिली, फक्त एका पानाच्या मधोमध खळगा पडला आणि त्या खळग्यात त्याचा अंगठा. तो त्यानं लगेच काढला नाही. दातांच्या डॉक्टरसमोर आ करून बसलेला माणूस जसा हलत नाही, तसा तो टेप लोंबकळत ठेवून वाकून उभा राहिला. बाहेर डोरीन पायपुसणी झटकत होती, त्याचे धप्प धप्प आवाज येत होते. नदीकडून चिखलाचा वास येत होता, म्हणजे ओहोटी होती. आणि मग त्याला तो दुसरा वास आला. ओल्या पुठ्ठ्याचा, खूप दिवस न उघडलेल्या कपाटाचा. तीन आठवडे तो रोज चहाचा मग घेऊन घरापुढे आणून उभ्या केलेल्या या कॅरॅव्हॅनमध्ये, या चाकांवरच्या जुन्या घरात, येऊन बसत होता, आणि तीन आठवडे त्याला इथं लॅव्हेंडरच्या पुरचुंड्यांचाच वास आला होता. एवढ्या पुरचुंड्या कशाला, हे त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘बसली होती!’ तो रिकाम्या कॅरॅव्हॅनमध्ये मोठ्यांदा म्हणाला. ‘ती बाई त्याच्यावर बसली होती!’

इंग्लंडमधल्या हल शहरात कॅरॅव्हॅनबद्दल कुणी कुणाला शहाणपण शिकवायला जात नाही, कारण प्रत्येक घरातला एक तरी काका नाहीतर मेव्हणा त्या बनवणाऱ्या कारखान्यांतून राबलेला असतो. पण सिरिल शिकवायचा. त्यानं एकतीस वर्षं त्या बांधल्या होत्या. बांधल्या म्हणजे, पत्रा जिथं पत्र्याला भेटतो त्या सांध्यांत लुकणाची चिकट पट्टी बसवली होती. चाकं लावणारे, शेगड्या बसवणारे, गाद्या शिवणाऱ्या बायका, हे सगळे त्याच्या मते सजावटीचे लोक. कॅरॅव्हॅन म्हणजे पाणी बाहेर ठेवायची पेटी, आणि पाणी बाहेर कोण ठेवतो? लुकणवाला. कारखाना बंद पडून सहा वर्षं झाली होती आणि या सहा वर्षांत त्याच्यापाशी ऐटीनं सांगण्यासारखं एवढंच उरलं होतं, म्हणून तो ते क्लबात, बसस्टॉपवर, दवाखान्याच्या बाकावर, ऐकणाऱ्याला कॅरॅव्हॅन घ्यायची असो वा नसो, सांगत सुटे. जुनी कॅरॅव्हॅन बघायला जायचं ते गारठ्यात, आधी पाऊस पडून गेलेला असला तर फारच उत्तम. हीटर चालू दिसला की विचारायचं, का हो, कुणासाठी? दार उघडल्याबरोबर पहिला श्वास आपला, मालकाला खिडकी उघडू द्यायची नाही. प्रत्येक गादी उचलायची, बाकाखालचं प्रत्येक झाकण उघडायचं, चारी कोपरे अंगठ्यानं दाबायचे. कुठं नवा कागद दिसला तर नवा का, आणि तिथंच का. मग ओल मोजायचं यंत्र काढायचं, त्याच्या दोन सुया लाकडात टोचायच्या. पंधरापर्यंत काटा गेला तर खुशाल घ्या, विसाला विचार करा, तिसाला टोपी घाला आणि घरी जा. हे सगळं तो बोटांवर मोजून सांगे, आणि शेवटी अंगठा वर करून दाखवी: ‘यंत्र नसलं तरी चालेल. हे यंत्र देवानं दिलंय.’ डोरीनच्या बहिणीचा नवरा ट्रेवर याच्याकडे दोन दिवसांच्या वर्गाचं प्रमाणपत्र होतं आणि तो फी घेऊन लोकांच्या कॅरॅव्हॅन तपासून द्यायचा. डोरीन म्हणाली होती, ‘ट्रेवरला ने की बरोबर. घरातलाच आहे, फी नाही घेणार.’ त्यावर सिरिल दोन दिवस तिच्याशी नीट बोलला नव्हता. ‘ट्रेवर!’ असं मात्र तो मधूनमधून म्हणत असे, बशी पुसताना, दाढी करताना.

आणि ही ज्यांच्याकडून घेतली त्या हार्लंडबाईंकडे काय झालं होतं? पश्चिमेला नदीकाठी हेसल गावात त्यांचं घर, मागच्या अंगणात ही उभी. अठरा वर्षांची, पण नुकती धुतलेली, खिडक्या सताड उघड्या, आत हीटर लावलेला. ‘तुम्हाला थंडी वाजायला नको, मिस्टर स्टॅदर्स.’ हे ऐकून त्याला बरं वाटलं होतं! हीटर कुणासाठी, तर म्हणे त्याच्यासाठी. बाई सत्तरीच्या, बारीक, निळं स्वेटर, केस कालच बसवून घेतल्यासारखे. त्या त्याच्या आधी आत चढल्या आणि पुढच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन बसल्या. विणकामाची पिशवी एका बाजूला, उशी दुसऱ्या बाजूला, मधे त्या. समोरच्या छोट्या टेबलावर किटली, कप, मनुका घातलेला पनीरचा टार्ट. त्याच्या उजव्या हातात कपबशी आली, डाव्या हातात टार्टची बशी आली. यंत्र कोटाच्या खिशात राहिलं. आता हा सगळा बंदोबस्त त्याला दिसत होता. दोन्ही हात गुंतवून ठेवलेला माणूस आणि गादीवर ठाण मांडून बसलेली विधवा. तरी त्यानं कप खाली ठेवून तीन कोपरे दाबले होते. तीनही खणखणीत होते. चौथ्या कोपऱ्यात हार्लंडबाई होत्या. ‘जरा उठता का?’ एवढे तीन शब्द. पण ते म्हणायचे कसे? नवरा जाऊन वर्ष झालेलं, त्याच्याच कॅरॅव्हॅनमध्ये, हातात भरलेला कप घेऊन बसलेल्या बाईला म्हणायचं, उठा, मला तुमच्या पाठीमागे बोट घालून बघायचंय? सिरिलच्या आईनं त्याला असं वाढवलं नव्हतं. त्यानं त्या कोपऱ्याकडे बघितलं. बाईंनी त्याच्याकडे बघितलं. त्यानं टार्टचं कौतुक केलं. आणि मग, या गोष्टीनं आता त्याचे कान तापले, मग तो पाय पसरून म्हणाला होता, ‘ही आमच्याच कारखान्यातली आहे बरं का. आमच्या गळत नाहीत.’

त्यानं अंगठा काढला. खळगा तसाच राहिला, जिवंत माणसाच्या सुजलेल्या पायावर राहतो तसा. त्यानं गादी पुन्हा जागेवर ठेवली, वर उशी ठेवली, आणि जराशी तिरकी केली म्हणजे सहज ठेवल्यासारखी दिसेल. मग आपण हे काय करतोय हे लक्षात येऊन त्यानं ती उशी सरळ केली, आणि पुन्हा तिरकी केली.

जेवताना डोरीननं विचारलं, ‘माप घेतलंस?’

‘घेतलं.’

‘किती?’

‘नंतर सांगतो.’

‘तीन आठवडे पंतप्रधानासारखा आत जाऊन बसतोस, आणि एका खिडकीचं माप तोंडपाठ नाही?’ तिनं त्याच्या ताटात आणखी बटाटे वाढले. ‘शनिवारी निघायचंय, राजा. पडद्यांशिवाय मी तिथं झोपणार नाही. विदर्नसीला समुद्रकाठी सगळे म्हातारे सकाळी सहाला कुत्री फिरवतात, त्यांनी मला दातांशिवाय बघावं असं तुला वाटतं का?’ मग ती हसली आणि हसण्याचा खोकला झाला. खोकला लांबला, ती टेबलाची कड धरून थांबली, तो पाण्याचा ग्लास धरून उभा राहिला. दोघांनाही या गोष्टीचा सराव होता. खोकला थांबल्यावर ती नेहमीप्रमाणे काही झालंच नाही अशा थाटात म्हणाली, ‘मटारला मीठ कमी पडलंय.’

बावीस वर्षं ती मासे कापायच्या शेडमध्ये होती. पहाटेपासून बर्फाच्या पाण्यात हात, पायांत रबरी बूट, वरून छतातून ठिबकणारं पाणी, पाठीत वारा. लग्न झालं तेव्हा तिची बोटं लाल होती आणि नेहमी थोडी सुजलेली. डॉक्टरनं गेल्या हिवाळ्यात फुप्फुसांचा फोटो उजेडासमोर धरून सांगितलं, ओलीपासून लांब राहा. डोरीन त्याला म्हणाली, ‘हे तुम्ही मला चाळीस वर्षांपूर्वी सांगायचं होतं, साहेब.’ घरी आल्यावर मात्र तिनं कोट न काढता स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून सांगितलं होतं, ‘सिरिल, मला एक कोरडी जागा दे. बाकी काही नको. पत्र्याची असली तरी चालेल, पण कोरडी. उन्हाळाभर तिथं बसून समुद्राकडे बघायचं, आणि समुद्राचा एक थेंब अंगावर येता कामा नये.’ चाळीस वर्षांत तिनं त्याच्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट, जी त्याला खरोखर देता येण्यासारखी होती. म्हणून तर ही आत घ्यायला समोरच्या बागेतलं झुडपांचं कुंपण त्यानं मुळासकट उपटलं, फाटकाचा खांब पाडला, गल्लीतले लोक बघायला आले तेव्हा पत्र्यावर थाप मारून दाखवली. आणि त्या सगळ्या वेळात कोपऱ्यात ओल बसून होती, शांतपणे, पाय जुळवून, बाईंसारखी.

दुपारी डोरीन खुर्चीत डोळे मिटून पडली तेव्हा तो यंत्र घेऊन गेला. कोपऱ्यात सुया टोचल्या; काटा सरळ दुसऱ्या टोकाला गेला आणि तिथं टेकून राहिला, परत यायचं नावच नाही. त्याला त्या काट्याचाही राग आला. तीन आठवड्यांपूर्वी खिशात होतास, तेव्हा तोंडात काय धरलं होतंस? मग तो घरभर हिंडला. सामानाच्या खोलीची चौकट, बारा. आरामखुर्चीचा हात, अकरा. पायऱ्यांचा कठडा, नऊ. बेडरूमची उत्तरेची भिंत हिवाळ्यात घाम गाळायची, तीसुद्धा अठराच्या वर गेली नाही. घरातली एकूण एक वस्तू हार्लंडबाईंपेक्षा कोरडी निघाली. त्यातून त्याला काय समाधान मिळालं कोण जाणे, पण मिळालं. ‘काय टोचत हिंडतोयस?’ डोरीन डोळे न उघडता म्हणाली. ‘काही नाही,’ तो म्हणाला. ‘मलाही टोच एकदा,’ ती म्हणाली. ‘काटा तुटेल तुझा.’

सोमवारी तो बसनं हेसलला गेला. डोरीनला सांगितलं, ग्रंथालयात जातो. चढताना त्याच्या डोक्यात वाक्य तयार होतं: बाई, तुम्ही माझी फसवणूक केलीत. वाक्य चांगलं होतं, त्याला धार होती. पण बस स्टॉपमागून स्टॉप घेत गेली आणि समोरच्या सीटवर एक म्हातारी मांडीवर केकचा डबा धरून बसली होती, तिची मान मागून हार्लंडबाईंसारखीच बारीक दिसत होती; तीन स्टॉपांनंतर फसवणुकीच्या जागी ‘तुमच्याकडून सांगायचं राहिलं’ असं आलं. नदीवरचा पूल दिसला तेव्हा ‘आपला काही गैरसमज झाला असावा’ इथपर्यंत गाडी आली. उतरल्यावर त्यानं स्वतःला दम दिला, रस्त्यात थांबून मूळ वाक्य दोनदा घोकलं. आणि दार उघडल्यावर तो म्हणाला, ‘गुड मॉर्निंग, मिसेस हार्लंड. वेळ चुकीची नाही ना?’

‘अगंबाई, मिस्टर स्टॅदर्स! या, या. आत्ताच किटली ठेवली.’ आणि त्याच्या दोन्ही हातांत पुन्हा बशा आल्या. टार्ट तोच होता. सिरिलनं ठरवलं, खायचा नाही. आणि खाल्ला.

‘त्या पुढच्या डाव्या कोपऱ्यात,’ तो म्हणाला, आणि घसा साफ केला.

‘हो,’ बाई म्हणाल्या. ‘ओल आहे तिथं.’

त्यानं नकाराची तयारी केली होती. आश्चर्याची, रडण्याचीसुद्धा केली होती. याची नव्हती. ‘म्हणजे तुम्हाला माहीत होतं!’

‘मला नाही तर कुणाला? आर्थर त्या बाजूला झोपायचा. गेले दोन हिवाळे मी तिथं टॉवेल कोंबत होते.’

‘आणि तुम्ही त्याच्यावर बसलात!’

‘मी माझ्या जागेवर बसले. तुम्ही उठा म्हणाला असतात तर उठले असते. वाट बघत होते मी, मिस्टर स्टॅदर्स. पाय अवघडले माझे. तीन वेळा तुमचा कप भरला, म्हटलं आता तरी म्हणतील.’

‘पण एखाद्या बाईमाणसाला, तिच्याच—’

‘म्हणजे माझा गुन्हा काय, तर तुम्ही सभ्य आहात.’ त्यांनी साखरेचं भांडं त्याच्याकडे सरकवलं. ‘खोटं बोलणार नाही. लॅव्हेंडर मी ठेवला, हीटर मी लावला. एकटी बाई विकते तेव्हा सगळे तिला लुबाडायलाच येतात. म्हटलं, एकदा मीही बघते. पण तुम्ही आलात आणि म्हणालात, एकतीस वर्षं मी हेच केलं. तुम्ही त्या कोपऱ्याकडे बघितलंत आणि माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं, यांना कळलंय. घरी नेऊन दुरुस्त करतील, मला उगीच शरम वाटू नये म्हणून बोलत नाहीत. तुम्ही गेल्यावर आर्थरच्या फोटोला सांगितलं मी, जाणत्या माणसाच्या हाती गेली.’ त्या थांबल्या. ‘कळलं नव्हतं होय?’

आता काय म्हणायचं? कळलं नव्हतं म्हणावं तर एकतीस वर्षं पाण्यात. कळलं होतं म्हणावं तर भांडायला कशाला आला? सिरिलनं तोंडात टार्ट होता याचा फायदा घेतला.

‘पैसे परत हवेत का तुम्हाला?’

‘छे छे,’ तो म्हणाला. ‘त्यासाठी नाही आलो.’ आणि त्यासाठीच तर तो आला होता! स्वतःचा आवाज ऐकून त्याला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. बाईंनी मान डोलावली, जणू त्यांना हेच उत्तर अपेक्षित होतं, आणि खिडकीबाहेर अंगणातल्या रिकाम्या चौकोनाकडे बघत राहिल्या. तिथलं गवत पिवळं पडलं होतं.

‘एक विचारू? तुम्ही सांगू शकाल म्हणून विचारते,’ त्या म्हणाल्या. ‘पाणी शिरतं कुठून हो? आम्ही नवी घेतली होती ती. दुसऱ्याच वर्षी तिथं डाग आला. आर्थरनं कारखान्याला पत्र लिहिलं, त्याचं अक्षर फार सुरेख होतं. उत्तर आलं की कारागिरीत दोष नाही, तुम्ही झोपताना खिडकी उघडी ठेवत नसाल, ही तुमच्या श्वासाची वाफ आहे.’ त्यांनी बशीवरचा कप सारखा केला. ‘सोळा वर्षं, मिस्टर स्टॅदर्स. तो त्या कॅरॅव्हॅनमध्ये सोळा वर्षं जपून श्वास घ्यायचा. भिंतीकडे पाठ करून झोपायचा. मी म्हणायची, अरे घे की मोकळा. तर म्हणायचा, नको गं, भिंत खराब होते.’

परतीच्या बसमध्ये त्याचा राग आणखी वाढला होता, पण आता तो नेमका कुणावर हे त्याला सांगता आलं नसतं. हार्लंडबाईंवर होताच. श्वासाची वाफ म्हणून कळवणाऱ्या कचेरीवर होता. आमच्या गळत नाहीत! मग कुणी केली ही? कुठल्या गाढवानं? कारखान्यात असे होते दोघं-चौघं, बिअर पिऊन दुपारच्या पाळीला यायचे आणि पट्टीला सुरकुत्या पाडायचे. त्यांची नावं त्याला पाठ होती. नाव शोधून काढीन, तो मनाशी म्हणाला, असला तर घरी जाऊन विचारीन, मेला असला तर कबरीवर जाऊन विचारीन. कारण नाव सापडणार हे त्याला माहीत होतं. आतली भिंत लावायच्या आधी चौकटीच्या लाकडावर काहीतरी लिहायचं, ही तिथल्या लोकांची जुनी खोड होती. कुणी सामन्याचा स्कोअर लिही, कुणी गाद्या शिवणाऱ्या पोरींपैकी एकीचं नाव, कुणी फोरमनचं चित्र काढी, त्याला शेपूट काढी. वर प्लायवुड बसलं की सगळं झाकलं जाई. लिहिणाऱ्याला खात्री असे की हे कुणी वाचायचं नाही. आणि वाचायची वेळ आलीच, तर वाचणाऱ्याचं काही खरं नाही.

घरी चिठ्ठी होती. डोरीन बहिणीकडे गेली होती. सिरिलनं हत्यारांची पेटी घेतली, कॅरॅव्हॅनचं दार आतून लावलं, गादी काढली, कोपऱ्यातली पट्टी उचकटली, कागद चिरला. प्लायवुडला स्क्रू काढायची गरजच पडली नाही; ते पावासारखं हातात आलं. आतलं लाकूड काळं पडलं होतं, बोटांनी चुरडलं तर पाणी सुटत होतं. पण खिडकीच्या जरा वर, जिथवर ओल पोचली नव्हती तिथं, हातभर लाकूड अजून पिवळं, स्वच्छ होतं, आणि त्याच्यावर सुताराच्या जाड पेन्सिलीनं लिहिलं होतं. त्यानं आधी खालची सही वाचली नाही. वाचायची जरूर पडली नाही. अक्षराला उजवीकडे झुकायची सवय होती आणि प्रत्येक शब्दाच्या शेवटी निष्कारण एक गळासारखा वळलेला आकडा काढलेला होता. तसाच आकडा घरच्या कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या चिठ्ठीवर, डोरीनच्या वाढदिवसाच्या कार्डांवर असे. शुक्रवार. पट्टी संपली. ज्याला हे सापडेल त्याला विचारतो, पोहता येतं ना? सि. स्टॅ.

शुक्रवार. कुठला, हे त्याला शोधावं लागलं नाही. तो आपण होऊन आला. पंधरा दिवसांच्या उन्हाळी सुट्टीच्या आधीचा, अर्ध्या दिवसाचा. रांगेतली शेवटची गाडी. कोपऱ्यापासून दीड हात राहिला असताना पट्टी संपली. कोठीवाला अकरालाच कुलूप लावून पसार झालेला. फोरमन बर्ट्रम घड्याळ दाखवत आला: ‘दाब तशीच, स्क्रू घट्ट आवळ. दोन उन्हाळे निघाले की गॅरंटी संपली. चल, बस सुटेल तुझी.’ आणि फाटकापाशी डोरीन उभी होती. शेडमधून तशीच आलेली, केस ओले, रुमालात बांधलेले, हातात कापडी बॅग, चाळिशीची. ती हात हलवत होती. विदर्नसीची बस पावणेएकची. त्यानं पट्टीशिवायचा सांधा तसाच कोरडा आवळला, पेन्सिल काढली, चार ओळी खरडल्या, आणि शेजारचे दोघं वाचून खो खो हसले होते. किती हसले होते! त्यालाही तेव्हा वाटलं होतं, आपल्याला जमतं हे. पुढे कधी कधी कचेरीतली पोरगी लोकांची पत्रं घेऊन रांगेवर यायची, विचारायची, असं होऊ शकतं का हो? सगळेच सांगायचे, वाफ. खिडक्या उघडत नसतील. त्यानंही सांगितलं असेल. सुरेख अक्षरातलं एखादं पत्र बघितल्याचं आठवतं का? आठवत नव्हतं. आठवत नव्हतं, यालाही काही अर्थ नव्हता.

बर्ट्रम मेला होता. कोठीवाला ऑस्ट्रेलियात. राग मात्र इथंच होता, ताजा, जागा शोधत होता. फाटकापाशी कशाला उभी राहिलीस? हेही त्याच्या मनात येऊन गेलं, आणि त्या विचाराची त्याला इतकी लाज वाटली की तो खाली बसला. तेवढ्यात अंगणात पावलं वाजली. ते चालणं त्याच्या ओळखीचं होतं: चार पावलं, थांबणं, श्वास, पुन्हा चार पावलं. त्यानं प्लायवुडचे तुकडे बाकाखाली कोंबले, फाटलेला कागद वर दाबला, गादी उभी करून भिंतीला लावली, उशी ठेवली, दाराची कडी काढली, आणि जाऊन कोपऱ्यात बसला. सकाळचा मग टेबलावर होता. तो हातात घेतला. त्यात चहा नव्हता. मग त्याला आपले पाय दिसले. एकमेकांना चिकटवून, टाचा जुळवून ठेवलेले.

‘इथं आहेस होय,’ डोरीन दारात येऊन म्हणाली. ‘ग्रंथालय लवकर बंद झालं?’

‘बसलो होतो जरा.’

‘माप घेतलंस?’

‘घेतो.’

तिनं पायरीवर उभं राहून श्वास जमवला. तिला वास यायचा नाही. बावीस वर्षांच्या माशांनी तिचं नाक केव्हाच संपवलं होतं. सिरिलला हे माहीत होतं, आणि आपण आत्ता त्यावर भरवसा ठेवून बसलोय हेही कळत होतं. शनिवारपर्यंत रात्री बाहेरून पट्टी मारता येईल, आतून नवा कागद. ती त्या बाजूला झोपणार नाही, मीच झोपेन. भिंतीकडे पाठ करून. ती आत आली. तिनं त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, मगकडे बघितलं, मग त्याच्या पँटवरच्या काळ्या भुग्याकडे. तिथं तिची नजर थांबली.

‘ऊठ,’ ती म्हणाली.

‘काय?’

‘ऊठ म्हणते. सरक तिकडे.’

मासे कापायच्या शेडमध्ये कुणी कुणाला जरा उठता का म्हणत नसे. हातात सुरी असे, पायाखाली बर्फ, मागून ट्रॉली येत असे. सरक म्हटलं की सरकायचं. सिरिल उठला. तिनं उशी फेकली, गादी ओढली, कागद वर केला. बराच वेळ ती वाकून बघत राहिली. मग अंगठा लावला, लाकडात घातला, काढला, कोटाला पुसला. मग चष्मा लावला आणि वरच्या चार ओळी ओठ हलवत वाचल्या. त्याला सगळं एकदम सांगायचं होतं: बर्ट्रम, कोठीचं कुलूप, हेसल, आर्थर आणि त्याचा श्वास. तोंडातून निघालं ते एवढंच, ‘ती बाई त्याच्यावर बसली होती.’

‘हं,’ डोरीन म्हणाली. ‘आणि आत्ता तू बसला होतास.’

ती समोरच्या बाकावर, कोरड्या बाजूला बसली. चष्मा काढला नाही. बाहेर कुणाचा तरी कुत्रा भुंकत होता. तिला खोकला आला, तो तिनं पुरा होऊ दिला; सिरिल पाणी शोधत इकडेतिकडे बघत राहिला, पाणी कुठंच नव्हतं.

‘नाही येत,’ ती शेवटी म्हणाली.

‘काय नाही येत?’

‘पोहता. विचारलंयस ना तू. मला नाही येत, आणि तुलाही नाही.’ मग ती पुढे झुकली, टेबलावर कालपासून तसाच पडलेला टेप उचलला आणि त्याचं टोक त्याच्या हातात दिलं. ‘शनिवारी निघत नाही म्हणून मी कळवते बहिणीला. थोडीशीच जागा राहिली होती म्हणालास तरी मी विश्वास ठेवणार नाही. सगळी कड मोज, वरून खालपर्यंत. आणि या खेपेला पट्टी पुरेल एवढी आण.’

‘मी म्हणालोच नाही थोडीशी,’ सिरिल म्हणाला.

‘म्हणशील,’ डोरीन म्हणाली. ‘धर. माप घे.’